डोळ्यांच्या आजारांचं अचूक कोडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्यांचं कोडिंग, म्हणजे डॉक्टरांच्या निदानाला ठरलेला कोड लावण्याचं काम, नव्याने हाती घेणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एका जागी आणले आहेत. उत्तरं अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडयादीला धरून आहेत, कारण डाव्या-उजव्याचा आणि स्टेजचा खरा घोळ याच आवृत्तीत होतो. कोड देवनागरीत लिहिले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये टाकताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची. कोडच्या शेवटी आडवी रेघ दिसली, तर पुढे अजून कॅरेक्टर (अक्षर किंवा आकडा) लागतं असं समजा.

१. डोळ्यांचे सगळे कोड ‘एच’नेच सुरू होतात ना?

नाही. सातवा अध्याय डोळ्यांचा, एच०० ते एच५९. पण ‘एच’ अक्षर डोळ्यांचं एकट्याचं नाही: एच६० ते एच९५ कानांचे कोड आहेत. उलट डोळ्यांचे कितीतरी आजार ‘एच’च्या बाहेर आहेत. मधुमेहामुळे रेटिना (डोळ्याच्या आतला पडदा) खराब झाला तर कोड ‘ई’चा. ॲडेनोव्हायरसने डोळे आले तर बी३०. नागिणीने कॉर्नियाला (बुबुळावरच्या पारदर्शक थराला) सूज आली तर बी०२.३३. जन्मजात मोतीबिंदू क्यू१२.०, जन्मजात काचबिंदू क्यू१५.०. मार लागला तर ‘एस’ किंवा ‘टी’. नुसती तपासणी असेल तर ‘झेड’.

म्हणून आधी आजाराचं कारण शोधायचं आणि मग अध्याय. थेट सातव्या अध्यायात शिरणारा कोडर मधुमेहाच्या रुग्णाला हमखास चुकीचा कोड लावतो (प्रश्न ९).

२. आयसीडी-१०, आयसीडी-१०-सीएम आणि आयसीडी-११ यांत फरक काय?

आयसीडी-१० ही जागतिक आरोग्य संघटनेची मूळ यादी. ती १९९० मध्ये मंजूर झाली आणि १९९४ पासून वापरात आली. तिच्यात साधारण चार कॅरेक्टरवर काम भागतं आणि कोणता डोळा ते कोडवरून कळत नाही. अमेरिकेने तिचा विस्तार करून आयसीडी-१०-सीएम तयार केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून ती तिथे लागू झाली. त्याआधीच्या आयसीडी-९-सीएममध्ये ‘न्यूक्लिअर स्क्लेरॉसिस’ या मोतीबिंदूच्या प्रकारासाठी ३६६.१६ हा एकच कोड होता, डोळा उजवा असो वा डावा.

एक फरक ध्यानात ठेवा. मूळ आयसीडी-१० मध्ये डायबेटिक रेटिनोपथीला (मधुमेहाने खराब झालेल्या रेटिनाला) जोडीचे कोड लागतात: मधुमेहाचा कोड खंजीर-चिन्हासह आणि डोळ्याचा एच३६.० तारांकित. सीएममध्ये ही जोडी नाही, एकाच ‘ई’ कोडमध्ये सगळं येतं. एकीकडून दुसरीकडे आलेले लोक इथे हमखास अडखळतात.

आयसीडी-११ २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर अमलात आली. तिच्यात दृष्टीचे आजार नवव्या अध्यायात आहेत आणि डावा-उजवा सांगायला वेगळा जोडकोड लावतात. या पानावर तिच्याबद्दल अधिक काही नाही.

३. उजवा, डावा की दोन्ही, हे कोडमध्ये कुठे दिसतं?

आकड्यांचा अर्थ बहुतेक ठिकाणी ठरलेला आहे: १ म्हणजे उजवा, २ म्हणजे डावा, ३ म्हणजे दोन्ही, आणि ० किंवा ९ म्हणजे कोणता ते सांगितलेलं नाही. ठरलेली नाही ती जागा. ‘न्यूक्लिअर’ मोतीबिंदूत डोळा पाचव्या जागी येतो: एच२५.११ उजवा, एच२५.१२ डावा, एच२५.१३ दोन्ही. ‘पोस्टिरिअर सबकॅप्सुलर’ या दुसऱ्या प्रकारात तो सहाव्या जागी जातो: एच२५.०४१ उजवा. डायबेटिक रेटिनोपथीत सातव्या जागी: ई११.३२११ उजवा. शेजारशेजारच्या दोन कोडमध्येही जागा वेगळी असू शकते, तेव्हा शेवटचा आकडा अंदाजाने बदलू नका. पूर्ण वर्णन वाचा.

पापण्यांचा हिशेब आणखी निराळा आहे (प्रश्न १६).

नोटमधली, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीतली, लघुरूपंही फसवतात. ‘ओडी’ उजवा, ‘ओएस’ डावा, ‘ओयू’ दोन्ही. पण औषधाच्या ओळीतला ‘ओडी’ बहुतेक वेळा ‘दिवसातून एकदा’ असतो. आणि तपासणीच्या कागदावर डोळ्यांची चित्रं असतील, तर उजवा डोळा कागदाच्या डाव्या बाजूला काढलेला असतो, कारण डॉक्टर रुग्णाकडे समोरून पाहतात. नवीन माणूस यात एकदा तरी फसतोच.

४. सॉफ्टवेअर “कोड अपूर्ण” म्हणतं. पुस्तकात तर एच२५.१ स्पष्ट दिसतंय!

दिसतंय, पण ते मथळ्यासारखं. त्याखाली आणखी फांद्या असतील तर टोकाच्या फांदीपर्यंत जावंच लागतं. एच२५.१ हा वैध कोड नाही, एच२५.११ आहे. उलट एच५२.४, म्हणजे चाळिशी, चार कॅरेक्टरवर पूर्ण होतो. चाळिशी एकाच डोळ्याला लागत नाही, त्यामुळे तिथे डाव्या-उजव्याचा प्रश्नच येत नाही.

५. मधेच ‘एक्स’ कशाला घालतात?

जागा भरायला. काही कोडना सातवं कॅरेक्टर लागतं, पण अर्थाला चार-पाचच पुरतात. मधली रिकामी जागा ‘एक्स’ने भरली नाही, तर सातवं कॅरेक्टर सहाव्या जागी सरकतं आणि कोड बाद होतो. उजव्या कॉर्नियात कण गेला आणि उपचार चालू आहेत: टी१५.०१एक्सए. यातला ‘एक्स’ निव्वळ जागा अडवून बसलाय.

६. मोतीबिंदूला इतके कोड आहेत. नोटमध्ये नुसतं “कॅटरॅक्ट” असेल तर?

मग एच२६.९, आणि त्यात डोळाही कळत नाही. “वयोमानानुसार मोतीबिंदू” लिहिलं असेल तर एच२५.९. हे दोन्ही कोड वैध आहेत, पण शस्त्रक्रियेच्या रुग्णाला असा कोड लावणं म्हणजे नोट वाचलीच नाही असं सांगण्यासारखं आहे. शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्या रुग्णाचा मोतीबिंदू कुठल्या प्रकारचा आहे ते डॉक्टरांना माहीत असतंच, लिहायचं राहून गेलेलं असतं. विचारा.

तपासणीच्या रकान्यात “तीन प्लस एनएस, एक प्लस पीएससी” (म्हणजे ‘न्यूक्लिअर’ आणि ‘पोस्टिरिअर सबकॅप्सुलर’) दिसतं, तिथून आपणच प्रकार उचलायचा का? नाही. तपासणीत दिसलेली गोष्ट आणि डॉक्टरांनी केलेलं निदान वेगळं. निदानाच्या ओळीत दोन्ही प्रकार एकत्र लिहिले असतील, तर मिश्र प्रकाराचा एच२५.८१- येतो: ८११ उजवा, ८१२ डावा, ८१३ दोन्ही. नुसता ‘न्यूक्लिअर’ असेल तर एच२५.१-, ‘कॉर्टिकल’ असेल तर एच२५.०१-. पिकून पातळ झालेल्या ‘मॉर्गॅनियन’ मोतीबिंदूला एच२५.२-. मार लागून झालेला एच२६.१- मध्ये, औषधामुळे झालेला एच२६.३- मध्ये.

आणि वयावरून प्रकार ठरवू नका. रुग्ण ७० वर्षांचा आहे म्हणून “कॅटरॅक्ट”चं “वयोमानानुसार” कोडरने करायचं नाही.

७. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण आज शस्त्रक्रिया उजव्याच डोळ्याची. कोड उजव्याचा की दोन्हींचा?

दोन्हींचा. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून बरेच जण चमकतात. अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांनुसार आजार दोन्ही बाजूंना असेल आणि उपचार वेगवेगळ्या दिवशी होणार असतील, तर पहिल्या बाजूच्या उपचाराच्या भेटीलाही ‘दोन्ही’चाच कोड लावायचा. त्या दिवशी आजार दोन्हीकडे आहेच. म्हणजे ‘न्यूक्लिअर’ मोतीबिंदू असेल तर पहिल्या दिवशी एच२५.१३.

काही आठवड्यांनी डाव्याची शस्त्रक्रिया होते तेव्हा उजव्यात मोतीबिंदू उरलेला नसतो. मग एच२५.१२, आणि सोबत उजव्यात कृत्रिम भिंग असल्याचा झेड९६.१.

घोळ होतो तो प्रोसिजर कोडशी, म्हणजे केलेल्या उपचाराच्या कोडशी, तुलना केल्यामुळे. प्रोसिजरवर ‘उजवा’ मॉडिफायर आणि निदानात ‘दोन्ही’, हे विसंगत वाटतं. तसं नाही. मॉडिफायर सांगतो काम कुठे झालं, निदान सांगतं आजार कुठे आहे. मात्र प्रोसिजर उजव्याचं आणि निदान फक्त डाव्याचं असेल, तर ती खरीच चूक आहे आणि विम्याचा क्लेम तिथेच अडकेल.

नियम आजार बरा झाला की नाही यावर चालतो. पहिल्या बाजूवर उपचार होऊनही आजार तिथे शिल्लक असेल, तर दुसऱ्या भेटीलाही ‘दोन्ही’च. काचबिंदूत हे नेहमी घडतं: एका डोळ्याला लेझर केलं म्हणून काचबिंदू गेला असं होत नाही.

८. मोतीबिंदू काढल्यानंतर काय काय बदलतं?

त्या डोळ्यासाठी एच२५ बंद. भिंग बसवलं असेल तर झेड९६.१, त्यात डावा-उजवा नाही. भिंग बसवलंच नसेल तर एच२७.०-. भिंगामागचा पातळ पापुद्रा धुरकट झाला, तर तो एच२६.४९- मध्ये जातो: ४९१ उजवा, ४९२ डावा. रुग्ण “मोतीबिंदू परत आला” म्हणतो. तुम्ही तसं कोड करू नका. शस्त्रक्रियेनंतर मॅक्युलाला (रेटिनाच्या मध्यभागाला) सूज आली आणि डॉक्टरांनी ती शस्त्रक्रियेशी जोडली, तर एच५९.०३-. भिंग जागेवरून सरकलं तर टी८५.२२एक्स-. शेवटच्या दोन्ही कोडना डॉक्टरांनी संबंध लिहिलेला हवा. ऑपरेशननंतर घडलं म्हणजे ऑपरेशनमुळे घडलं, असं आपण ठरवायचं नाही.

९. डायबेटिक रेटिनोपथीचा कोड कसा बांधायचा? दरवेळी गोंधळ होतो.

डावीकडून एकेक प्रश्न विचारत जा.

मधुमेह कोणत्या प्रकारचा? टाइप १ असेल तर ई१०, टाइप २ असेल तर ई११. दुसऱ्या आजारामुळे झालेला ई०८, औषधामुळे झालेला ई०९. प्रकार लिहिलाच नसेल तर नियमाने ई११ धरतात. रुग्ण इन्सुलिन घेतो म्हणून टाइप १ समजू नका. इन्सुलिनचा दीर्घकाळ वापर झेड७९.४ ने वेगळा सांगतात, गोळ्यांचा झेड७९.८४ ने.

रेटिनोपथी कोणत्या पायरीवर? पाचव्या जागी २ म्हणजे सौम्य, ३ मध्यम, ४ तीव्र, आणि ५ म्हणजे नव्या रक्तवाहिन्या उगवलेली प्रोलिफरेटिव्ह. पायरी लिहिलीच नसेल तर १.

मॅक्युलाला सूज आहे का? सहाव्या जागी १ म्हणजे आहे, ९ म्हणजे नाही.

कोणता डोळा? सातव्या जागी १, २, ३, किंवा सांगितलेलं नसेल तर ९. ही सातवी जागा १ ऑक्टोबर २०१६ पासून आली. त्याआधीचे चार्ट चाळताना सहाच कॅरेक्टर दिसले तर दचकू नका.

आता जुळवा. टाइप २, मध्यम, सूज आहे, दोन्ही डोळे: ई११.३३१३. टाइप २, तीव्र, सूज नाही, डावा: ई११.३४९२.

उजवा सौम्य आणि डावा तीव्र असेल तर दोन कोड लावायचे. सरासरी काढून ‘मध्यम, दोन्ही’ लिहिलेला चार्ट मी पाहिला आहे; हसू आलं, पण तो क्लेम गेलेला होता.

प्रोलिफरेटिव्हमध्ये सहाव्या जागी जास्त पर्याय आहेत, तिथे घाई नको. २ म्हणजे ओढ बसून रेटिना सुटला आणि मॅक्युलाही त्यात आला, ३ म्हणजे मॅक्युला वाचला, ४ म्हणजे ओढ आणि छिद्र दोन्हींमुळे सुटला, ५ म्हणजे आजार स्थिरावला. उपचारानंतर सूज पूर्ण ओसरली असेल तर त्यासाठी वेगळा ई११.३७एक्स- आहे.

पायरीच लिहिलेली नसेल तर ई११.३११ किंवा ई११.३१९ वर थांबावं लागतं. हे सहा कॅरेक्टरवरच पूर्ण होतात, डोळ्याची जागा नाही. रुग्णाला डोळ्यात इंजेक्शन दिलंय आणि कोड ई११.३१९, म्हणजे सूज नाही, असं समोर आलं, तर कोणीही विचारेल: मग इंजेक्शन कशासाठी?

१०. मधुमेह आहे आणि मोतीबिंदूही आहे. दोन्हींचा संबंध डॉक्टरांनी लिहिलेला नाही. तरी ई११.३६ लावायचा?

कोडपुस्तकाच्या सूचीत ‘डायबेटिस’खाली ‘विथ’ या शब्दानंतर मोतीबिंदू येतो. नियम असा, की ‘विथ’खाली दिलेल्या आजाराचा संबंध डॉक्टरांनी लिहिला नसला तरी गृहीत धरायचा, नोटमध्ये स्पष्टपणे “मधुमेहाशी संबंध नाही” असं असेल तरच तोडायचा. म्हणून नोट दोन्हींबद्दल बोलते आणि संबंधाबद्दल गप्प आहे, तर ई११.३६.

अनुभवी डॉक्टरांना हे पटत नाही. “वय ७८, मोतीबिंदू वयाचाच आहे” असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं बरोबर असेलही, पण मग ते नोटमध्ये यायला हवं. नियम गप्प नोटला एक अर्थ देतो, आणि तो नको असेल तर बोलणं डॉक्टरांच्या हातात आहे. हा विषय त्यांच्याशी एकदाच नीट बोलून घ्या, दर चार्टला वाद घालू नका.

११. मधुमेही रुग्ण रेटिना तपासायला आला आणि रेटिना स्वच्छ निघाला. मग?

रेटिनोपथी नाही तर तिचा कोडही नाही. मधुमेहाची दुसरी कुठलीही गुंतागुंत नोंदलेली नसेल तर ई११.९, आणि औषधांचे झेड कोड. मूत्रपिंडाची किंवा नसांची गुंतागुंत त्याच नोटमध्ये असेल तर ई११.९ चालत नाही, कारण त्याचा अर्थच ‘गुंतागुंत नाही’ असा आहे.

१२. काचबिंदूची स्टेज मी फील्ड टेस्ट (नजरेच्या क्षेत्राची तपासणी) बघून ठरवू शकतो का?

ठरवायची नाही, पण समजून घ्यायची जरूर. डोळ्याच्या नसेवर काचबिंदूच्या खुणा आहेत आणि फील्डमध्ये दोष नाही, ती सौम्य. दोष वरच्या किंवा खालच्या एकाच अर्ध्या भागात आहे आणि केंद्राच्या ५ अंशांच्या आत शिरलेला नाही, ती मध्यम. दोन्ही अर्ध्या भागांत दोष आहे किंवा केंद्राच्या ५ अंशांच्या आत आला आहे, ती तीव्र. हे माहीत असलं की नोटमध्ये “सौम्य” आणि फील्डच्या अहवालात दोन्हीकडे दोष, अशी विसंगती नजरेस पडते. पडली की विचारा. स्वतः दुरुस्त करू नका.

स्टेज सातव्या जागी येते: १ सौम्य, २ मध्यम, ३ तीव्र, ४ ठरवता न येणारी, ० न लिहिलेली. प्रायमरी ओपन अँगल काचबिंदू, उजवा, मध्यम: एच४०.१११२. दोन्ही डोळे, सौम्य: एच४०.११३१.

४ आणि ० यांची गल्लत फार होते. ४ हा डॉक्टरांचा निष्कर्ष आहे. रुग्णाला फील्ड टेस्ट नीट देता आली नाही, अहवाल भरवशाचा नाही, त्यामुळे स्टेज ठरत नाही, असं त्यांनी लिहिलेलं असतं. ० म्हणजे त्यांनी काहीच लिहिलेलं नाही. गप्प नोटला ४ लावणं म्हणजे डॉक्टरांच्या नावावर स्वतःचं मत खपवणं.

प्रत्येक काचबिंदूला स्टेज लागत नाही, हेही पाहून ठेवा. अचानक अँगल, म्हणजे डोळ्यातलं पाणी निघून जाण्याचा कोन, बंद होऊन आलेल्या झटक्याला, एच४०.२१- ला, सातवी जागा नाही. जन्मजात तर या अध्यायातच नाही (प्रश्न १).

स्टेरॉइडमुळे झालेला काचबिंदू एच४०.६- मध्ये येतो आणि त्याला औषधाच्या दुष्परिणामाचा वेगळा ‘टी’ कोड जोडावा लागतो. तो औषधांच्या तक्त्यातून शोधा, आणि थेंब होते की गोळ्या ते आधी पाहा.

१३. एका डोळ्याची स्टेज सौम्य, दुसऱ्याची तीव्र. मग?

प्रायमरी ओपन अँगलसारखा डोळा सांगणारा कोड असेल तर प्रत्येक डोळ्याचा वेगळा कोड: एच४०.११११ आणि एच४०.११२३. दोन्हींची स्टेज सारखी असेल तरच ‘दोन्ही’चा. एच४०.१०एक्स- आणि एच४०.२०एक्स- यांत डोळ्याला जागाच नाही. तिथे दोन्ही डोळ्यांत प्रकार आणि स्टेज सारखी असेल तर कोड एकदाच. रुग्ण दाखल असताना स्टेज वाढली, तर नोंदलेली सर्वांत वरची स्टेज घ्यायची.

१४. “ग्लॉकोमा सस्पेक्ट” (काचबिंदूचा संशय) हे संशयित निदान आहे. बाह्यरुग्ण विभागात संशयित निदान कोड करायचं नाही असं शिकवलं होतं ना?

शिकवलेलं बरोबर आहे. बाह्यरुग्णात “बहुधा”, “संशय”, “रूल आउट” (नाही ना ते पाहायचं) लिहिलेलं निदान झालं असं धरून कोड करत नाहीत. त्याऐवजी लक्षण कोड करतात. “रेटिना सुटल्याचा संशय, रूल आउट” असेल आणि तपासणीत काही निघालं नसेल, तर तरंगणाऱ्या ठिपक्यांचा एच४३.३९- किंवा डॉक्टरांनी लिहिलेलं जे काही असेल ते.

“ग्लॉकोमा सस्पेक्ट” मात्र स्वतःच एक निदान आहे आणि त्याला आपलं घर आहे: एच४०.०-. कमी जोखीम एच४०.०१-, जास्त जोखीम एच४०.०२-, अरुंद अँगल एच४०.०३-, नुसता वाढलेला दाब एच४०.०५-. हा रुग्ण वर्षानुवर्षं याच कोडवर राहू शकतो आणि त्यात चूक नाही. तपासणीसाठी पैसे मिळावेत म्हणून त्याला काचबिंदूचा कोड देऊ नका. तो त्याच्या नोंदीत कायमचा चिकटतो.

१५. सातव्या जागी शून्य म्हणजे ‘सांगितलेलं नाही’, बरोबर?

काचबिंदूत बरोबर. रेटिनाच्या मुख्य शिरेत रक्त अडकण्याच्या आजारात, एच३४.८१- मध्ये, साफ चूक. तिथे सातव्या जागी ० म्हणजे मॅक्युलाला सूज आहे, १ म्हणजे नव्या रक्तवाहिन्या उगवल्या, २ म्हणजे स्थिर. एच३४.८११० म्हणजे उजवा डोळा, सूज आहे. सुरुवातीला मी या शून्याला ‘माहिती नाही’ समजून डॉक्टरांना प्रश्न पाठवला होता. उत्तर आलं: “तिसऱ्या ओळीत लिहिलंय.” लिहिलेलंच होतं.

मॅक्युलर डीजनरेशनमध्ये, म्हणजे मॅक्युला झिजण्याच्या आजारात, आणखी निराळं. सहाव्या जागी डोळा, सातव्या जागी टप्पा. कोरड्या प्रकारात, एच३५.३१- मध्ये, १ सुरुवातीचा, २ मधला, ३ पुढचा पण केंद्र वाचलेला, ४ पुढचा आणि केंद्रही गेलेलं. ओल्या प्रकारात, एच३५.३२- मध्ये, १ म्हणजे आजार सक्रिय, २ म्हणजे शांत झालेला, ३ म्हणजे व्रण उरलेला. तोच ३ दोन शेजारी कोडमध्ये दोन गोष्टी सांगतो.

‘ए’ अक्षराचंही तसंच. जखमेत ‘ए’ म्हणजे उपचार चालू; अंधत्वाच्या एच५४.४१३ए मध्ये ‘ए’ म्हणजे दुसऱ्या डोळ्याची नजर चांगली.

१६. रांजणवाडी, पापण्यांची सूज, डोळे येणे: हे तरी सोपं आहे ना?

आजार सोपे आहेत, कोड नाहीत. रांजणवाडीला डोळा पुरत नाही, पापणीही लागते: एच००.०११ उजवी वरची, एच००.०१२ उजवी खालची, एच००.०१४ डावी वरची, एच००.०१५ डावी खालची. ‘दोन्ही’ असा पर्याय नाही, दोन पापण्यांना दोन कोड. इथे १, २, ३ चा नेहमीचा अर्थ लावलात तर डाव्या डोळ्याची रांजणवाडी उजव्या खालच्या पापणीवर जाईल.

पापण्यांच्या काठाच्या सुजेत, एच०१.०- मध्ये, १ ऑक्टोबर २०१८ पासून सोय झाली: शेवटी ‘ए’ म्हणजे उजव्या डोळ्याच्या वरची-खालची दोन्ही, ‘बी’ म्हणजे डाव्याच्या.

डोळे आले असतील तर आधी कारण. विषाणू लिहिला असेल तर बी३०-, आणि तिथे डावा-उजवा नाही. कारण लिहिलं नसेल, नुसतं “तीव्र” असेल, तर एच१०.३-. काहीच नसेल तर एच१०.९.

१७. जखमेचा रुग्ण तिसऱ्यांदा आला. आता ‘ए’ कसा लागेल?

लागू शकतो. ‘ए’ म्हणजे पहिली भेट नव्हे, सक्रिय उपचार चालू असणं. ‘डी’ म्हणजे उपचार संपून जखम भरण्याच्या काळातली भेट. ‘एस’ म्हणजे जुन्या जखमेने मागे ठेवलेली खूण. उजव्या डोळ्यात टोकदार वस्तू घुसली होती आणि आता कॉर्नियाच्या मधोमध पांढरा डाग आहे: आधी एच१७.११, मग एस०५.६१एक्सएस. क्रम उलटा करू नका.

कॉर्निया खरचटला आणि त्यात कणही रुतला असेल, तर एस०५.०- आणि टी१५.०- एकाच डोळ्याला एकत्र लावता येत नाहीत. कणाचा कोड लागतो. का, ते पुढच्या उत्तरात.

१८. कोडखालच्या टिपांतल्या ‘एक्सक्लूड्स१’ आणि ‘एक्सक्लूड्स२’ यांत नेमका फरक काय?

‘१’ म्हणजे हे दोन एकत्र नांदत नाहीत. जन्मजात काचबिंदू आणि एच४०, किंवा वरच्या उत्तरातली जोडी. अपवाद एकच: दोन्ही आजारांचा एकमेकांशी संबंध नाही हे स्पष्ट असेल तर. ‘२’ म्हणजे तो आजार या कोडमध्ये धरलेला नाही, पण रुग्णाला दोन्ही असतील तर दोन्ही कोड लावा. मॅक्युलर डीजनरेशन आणि डायबेटिक रेटिनोपथी एकाच रुग्णात असतील, तर दोन्ही चालतात.

१९. नियमित तपासणी, चष्म्याचा नंबर, औषधावरची देखरेख: इथे कोणते कोड?

तक्रार नसताना केलेल्या डोळ्यांच्या तपासणीला झेड०१.००, काही नवं निघालं तर झेड०१.०१ आणि सोबत जे निघालं त्याचा कोड. तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला हे कोड नाहीत, तिथे तक्रार किंवा निदान. मायनसचा नंबर एच५२.१-, प्लसचा एच५२.०-.

संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेणारा रुग्ण रेटिना तपासायला येतो. डोळे ठीक असतील तर झेड७९.८९९ आणि ज्या आजारासाठी गोळी चालू आहे तो आजार. मॅक्युला खराब झाल्याचं निदान झालं तर चित्र बदलतं: आधी एच३५.३८-, मग औषधाच्या दुष्परिणामाचा टी३७.२एक्स५ए.

२०. रुग्णाला दिसत नाही. एच५४ पहिला टाकू?

नाही. आधी ज्या आजाराने नजर गेली तो, मग एच५४. नजर मोजायची ती उत्तम चष्म्यासह. ६/१८ पेक्षा कमी ते ६/६० पर्यंत श्रेणी १, त्याखाली ३/६० पर्यंत श्रेणी २. या दोन्ही क्षीण दृष्टीच्या. ३/६० पेक्षा कमी ते १/६० पर्यंत ३, त्याखाली प्रकाश कळेपर्यंत ४, प्रकाशही न कळणं म्हणजे ५; या तिन्ही अंधत्वाच्या. कोडमध्ये दोन्ही डोळ्यांची श्रेणी येते: एच५४.०एक्स३३ म्हणजे उजवा ३, डावा ३. एकाच डोळ्याची नोंद असेल तर अडकाल, म्हणून दुसरा डोळा चांगला असला तरी त्याची नजर नोटमध्ये हवी.

२१. नोटमध्ये डोळाच लिहिलेला नाही. ‘अनस्पेसिफाइड’ टाकून मोकळं व्हावं का?

आधी बाकीची नोट वाचा. डोळा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिला नसेल, पण त्याच नोंदीत ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारे) किंवा परिचारिकेने लिहिला असेल, तर तो घेता येतो. निदान मात्र डॉक्टरांचंच हवं. दोन ठिकाणी दोन डोळे लिहिले असतील तर विचारणं भाग आहे.

विचारतानाही उत्तर त्यांच्या तोंडी घालायचं नाही. “तीव्र स्टेज लिहू का? म्हणजे क्लेम पास होईल” हा प्रश्न नव्हे. “१२ तारखेच्या नोटमध्ये काचबिंदूची स्टेज नाही, सौम्य, मध्यम, तीव्र, ठरवता येत नाही, की अन्य काही?” हा प्रश्न. पर्याय खुले, पैशांचा उल्लेख नाही, आणि उत्तर नोटमध्ये जोडटीप म्हणून तारखेसह यायला हवं. फोनवर मिळालेलं “हो, उजवाच” हे कागदावर येईपर्यंत कोडिंगच्या कामाचं नाही.

२२. गेल्या वर्षी चाललेला कोड आता नाकारला जातो. काय झालं?

बहुधा कोड फुटला असेल. यादी दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलते, कधी १ एप्रिललाही भर पडते. जुना कोड पुढे वाढवला गेला की त्याची छोटी आवृत्ती अवैध होते. २०१६ मध्ये एच४०.११एक्स- चं असंच झालं आणि त्याजागी डोळा सांगणारे कोड आले. कोणती यादी लागू हे क्लेम पाठवल्याच्या तारखेवर ठरत नाही. बाह्यरुग्णात भेटीची तारीख पाहायची, दाखल रुग्णात घरी सोडल्याची. ३० सप्टेंबरची भेट ऑक्टोबरात कोड करत असाल, तर जुनीच यादी उघडा.